ह्याचं काम काय?

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर कुंभारी हे गाव लागते. एरवी या माळरानाकडे कोणी वळून पाहिले नसते. परंतु विडी कामगार स्त्रियांच्या घरकुलांमुळे गावाचे नाव दूरवर गेले. कॉम्रेड गोदूताई परुळेकरांच्या नावाने उभी राहिलेली दहा हजार घरांची वसाहत २००६ साली येथे पूर्ण झाली आणि २०२४ साली जवळच रे नगरातील हजारो घरांच्या किल्ल्या कष्टकऱ्यांच्या हाती पडल्या. निवृत्तीनंतर तेथील एका कुटुंबाकडे माझे जाणे-येणे आहे. घर तेलुगू भाषकांचे. आजेसासऱ्यांच्या काळी हातमाग, मुलांच्या काळी यंत्रमाग, आणि बायकांच्या मांडीवर पिढ्यान्‌पिढ्या विड्यांचे सूप.

एका वर्षी मृग लागला आणि दोनच दिवसांत पहिला पाऊस झाला. घरामागच्या ओल्या मातीतून त्या घरातील दहा वर्षांची मुलगी तळहातावर काहीतरी जपून घेऊन आली. मृगाचा किडा होता तो. कुंकवात बुडवून काढलेल्या मखमलीचा एक ठिपका असावा तसा. हात लावताच पाय आवरून गप्प पडणारा, थोड्या वेळाने पुन्हा हळूच चालू लागणारा. आपण त्याला किडा म्हणतो खरे, परंतु तो कीटक नव्हे. त्याला आठ पाय असतात. कोळी, विंचू, गोचीड यांच्या अष्टपाद कुळातला तो आहे. हे सारे मी तिला मास्तरकीच्या उत्साहाने सांगितले. तिने ते ऐकून घेतले आणि विचारले, "पण ह्याचं काम काय हो, सर? सांगा की."

प्रश्न स्वाभाविक होता. ज्या घरात हजार विड्यांवर मजुरी ठरते, आणि मोजून दिलेल्या विड्यांतून कमी प्रतीच्या म्हणून काही बाजूला काढल्या जातात, त्या घरातील मुलीला जगातील प्रत्येक वस्तूचे काम विचारण्याची सवय लागणारच. मी म्हणालो की हा किडा वाळवी खातो, इतर किड्यांची अंडी खातो, म्हणजे शेतकऱ्याचा तो मित्रच. तिचे समाधान झाले. उंबऱ्याशी तिची आजी बसली होती. चाळीसहून अधिक वर्षे विड्या वळून तिची बोटे आत वाकली आहेत आणि दोन वर्षांपासून तिने सूप मांडीवर घेतलेले नाही. ती हसून म्हणाली, "त्याला काम हाय म्हणा. नसतं तर माझ्यासारखंच झालं असतं त्याचं."

तिने ते गमतीने म्हटले होते. मी मात्र घरी परतताना अस्वस्थ होतो. नातीला दिलेल्या उत्तराने मी आजीला नकळत दाराबाहेर उभे केले होते. किड्याचे मोल मी त्याच्या उपयोगावरून सिद्ध केले. मग ज्याचा उपयोग संपला त्याचे काय? शाळेत मी वर्षानुवर्षे असेच शिकवत आलो. गांडूळ उपयोगी, मधमाशी उपयोगी, घुबड उंदीर खाते म्हणून उपयोगी. प्राण्यांचा कैवार घेण्यासाठी त्यांना आपण नोकरीला लावतो, आणि हे करताना कोणाचे मोल कशावर ठरते याचा एक नियमच मुलांच्या मनात पेरतो.

या नियमाची परीक्षा घ्यायची तर असा एखादा जीव हवा की ज्याच्या बाबतीत उपयोगाची भाषा बोलताच येणार नाही. असे जीव आहेत. अष्टपादांतलाच एक संपूर्ण गण आज पृथ्वीवर नाही. एखादी जात नव्हे, सबंध गण. म्हणजे सगळे कोळी मिळून एक गण आणि सगळे विंचू मिळून एक गण मानतात, त्या पायरीचा. शास्त्रज्ञ त्याला ट्रिगोनोटार्बिडा म्हणतात. नाव अवघड आहे आणि त्याला मराठी प्रतिशब्द घडवण्याची गरज कोणाला पडलेली नाही, यातही त्याची उपेक्षा दिसते.

दिसायला हे प्राणी कोळ्यासारखे होते. आठ पाय, तोंडापुढे दंश करणारे अवयव, आणि पोटाच्या वरच्या बाजूला उभ्या-आडव्या विभागलेल्या कठीण ढाली. कोळ्यांचे पोट सहसा गुळगुळीत थैलीसारखे असते. यांचे जणू चिलखत घातलेले. काही जाती दोन-चार मिलिमीटरच्या, तर काही कित्येक सेंटिमीटर लांबीच्या. परंतु कोळ्याची जी ओळख, ती यांच्यापाशी नव्हती. रेशीम काढणारे अवयव त्यांच्या अंगावर आढळत नाहीत. हा विणकर नसलेला कोळी होता. विणकरांच्या गावात राहणाऱ्या माझ्यासारख्याला याचे विशेष वाटले. जमिनीवर हिंडून, दबा धरून, भक्ष्य पकडून तो जगत असावा.

त्यांचे सर्वांत जुने अवशेष इंग्लंडमधील श्रॉपशायर परगण्यात मिळाले आहेत, सुमारे ४२ कोटी वर्षांपूर्वीचे. जमिनीवर जीव नुकतेच पाय रोवत होते तो तो काळ. वृक्ष नव्हते, फुले नव्हती, पक्षी नव्हते. ओल्या कडांवर घोट्याएवढ्या उंचीच्या वनस्पती होत्या आणि त्यांच्यामधून हे आठ पायांचे जीव फिरत होते. सर्वांत अलीकडचे अवशेष सुमारे २९ कोटी वर्षांपूर्वीचे, जर्मनीतील केम्निट्झ येथे ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या अरण्यातले. म्हणजे जवळजवळ तेरा कोटी वर्षे हा गण पृथ्वीवर नांदला. आपण, शहाणा म्हणवणारा मानव, येथे येऊन अवघी तीन लाख वर्षे झाली आहेत.

कुंभारीच्या जमिनीत त्यांचा अवशेष शोधणे व्यर्थ आहे. आपल्या पायाखालचा हा काळा दगड म्हणजे लाव्हारस थिजून झालेला बेसाल्ट. त्याचे वय सुमारे साडेसहा कोटी वर्षे. हा गण नाहीसा होऊन बावीस कोटींहून अधिक वर्षे उलटल्यावर आपली ही दख्खनची भूमी आगीतून वर आली. विहीर खणताना आपण ज्याला आदिम पाषाण समजतो, तो त्यांच्या दृष्टीने काल-परवाचा.

त्यांचा उत्तम ठेवा स्कॉटलंडमध्ये ऱ्हायनी नावाच्या खेड्यात मिळाला. विल्यम मॅकी नावाचे एक वैद्यकी करणारे गृहस्थ. त्यांना दगडांचा नाद होता. १९१२ च्या सुमारास त्यांना शेतांच्या दगडी कुंपणात काही वेगळे गारगोटीसारखे तुकडे दिसले. पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरताच आत एक गोठलेले जग उघडले. ४० कोटी वर्षांपूर्वी तेथे उष्ण पाण्याचे झरे होते. पाण्यातील सिलिकाने वनस्पती आणि लहान प्राणी जसेच्या तसे दगडात जडवून ठेवले होते. १९२३ मध्ये हर्स्ट यांनी त्यातील अष्टपादांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे १९६१ मध्ये या प्राण्यांची श्वसनेंद्रियेही ओळखता आली: वहीची पाने एकमेकांवर रचावीत तशी नाजूक पटले, आजच्या कोळ्यांना आणि विंचवांना असतात तशीच. हे प्राणी पाण्याबाहेर, हवेत श्वास घेत होते याचा तो निःसंशय पुरावा ठरला. चाळीस कोटी वर्षांपूर्वी घेतलेला एक श्वास दगडात राहिला होता.

त्याच ऱ्हायनीच्या दगडात, त्याच १९२३ च्या लेखात, आणखी एका अष्टपादाचे वर्णन आहे. तो माइट वर्गातला, म्हणजे आपल्या मृगाच्या किड्याच्या आणि गोचिडीच्या व्यापक गोतातला, मिलिमीटरहूनही लहान. दोघे एकाच चिखलात राहिले, एकाच झऱ्याच्या पाण्यात गोठले. एकाचे गोत आजही कुंभारीच्या ओल्या मातीतून वर येते. दुसऱ्याचे कोठेच नाही. आपण सवयीने म्हणतो, जो टिकला तो लायक. पण ऱ्हायनीच्या काठावर दोघांची कोणती परीक्षा झाली होती, आणि नापास झालेल्याकडे कशाची कमतरता होती? तेरा कोटी वर्षे टिकणाऱ्याला नालायक म्हणायला जीभ धजावत नाही. निसर्गाची निवड म्हणजे नीतीचा निवाडा नव्हे, हे आपल्याला पुस्तकातून ठाऊक असते. जगताना आपण ते विसरतो. सोलापूरच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या तेव्हा हजारो कामगारांविषयी आपण काय म्हटले? काळाबरोबर चालता आले नाही त्यांना. जणू बंद पडणे हा त्यांच्या माणूसपणावरचा शेरा होता.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. या प्राण्यांचे काम काय होते?

आपल्या उपयोगाचे म्हणाल तर काहीच नाही. ते आजच्या कोळ्यांचे पूर्वज होते असे म्हणून त्यांना मान द्यावा, तर तेही नाही. कोळ्यांच्या जवळच्या नात्यातली ती एक बाजूची फांदी. तिला पुढे पालवी फुटली नाही. त्यांच्या काळात त्यांनी लहान जीव खाल्ले आणि सृष्टीचा तोल राखला, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. परंतु तो तोल तरी कशासाठी राखायचा होता? ज्यांच्यासाठी तो राखला गेला तेही आज नाहीत. कामाचे उत्तर कामाने दिले की प्रश्न एक पाऊल मागे सरकतो, सुटत नाही.

दुसरे एक उत्तर मला काही काळ पटले होते. मोल स्मरणात असते, असे ते उत्तर. कोणीतरी ओळखले, नाव दिले, की आयुष्य वाया गेले नाही. पण या गणाच्या ओळखीची कथाच पाहा. त्याचा पहिला ज्ञात नमुना इंग्लंडमधील कोलब्रुकडेलच्या कोळसाखाणींच्या परिसरात लोहखनिजाच्या गोट्यात मिळाला. १८३० च्या दशकात विल्यम बकलँड यांनी त्याचे वर्णन केले. हे बकलँड ऑक्सफर्डचे भूगर्भशास्त्रज्ञ, शिवाय अँग्लिकन पंथाचे धर्मगुरू, आणि सृष्टीच्या रचनेतून निर्मात्याची प्रज्ञा दाखवावी या हेतूनेच त्यांनी तो ग्रंथ लिहिला होता. (प्राणिसृष्टीतील जेवढे जीव चाखता येतील तेवढे चाखून पाहण्याचा त्यांचा विक्षिप्त छंद प्रसिद्ध आहे. उपयोगाचा विचार किती दूर जातो त्याचे हे एक उदाहरण.) या सज्जन विद्वानाने त्या अष्टपादाला भुंगा ठरवले. सोंडेच्या भुंग्याचे नाव त्याला दिले. १८७१ मध्ये हेन्री वुडवर्ड यांनी अधिक चांगला नमुना अभ्यासून तो अष्टपाद असल्याचे दाखवले. गणाचे आजचे नाव तर १९४९ मध्ये पेत्रुंकेविच यांनी दिले. २००९ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने दगड न फोडता त्याचे रूप संगणकावर उभे केले गेले, तेव्हा त्याच्या पाठीवरचे संरक्षक काटेदेखील स्पष्ट दिसले.

मग विचार करा. मोल जर ओळखीत असेल तर तीस कोटी वर्षे हा जीव मोलहीन होता, बकलँडच्या हाती तो चुकीच्या मोलाचा झाला आणि वुडवर्डच्या हाती खरे मोल पावला. हे हास्यास्पद आहे. आपल्या जाणण्याने त्याच्यात काहीच भर पडली नाही. भर पडली ती आपल्यात. आणि ज्यांचा अवशेषच उरला नाही त्यांची संख्या तर अवशेष उरलेल्यांहून कितीतरी मोठी असणार. विडी वळणाऱ्या, माग चालवणाऱ्या बहुतेक माणसांचे तरी नाव कोठे कोरलेले असते?

म्हणून मी श्रद्धेच्या उत्तरापाशी येतो, पण घाईने नाही. संत थॉमस अक्विनास यांनी आपल्या महाग्रंथात विचारले आहे की परमेश्वराने इतके परोपरीचे जीव का निर्मिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की देवाचे चांगुलपण एकाच जीवात मावणारे नाही. एकाला जे प्रकट करता येत नाही ते दुसऱ्याने करावे म्हणून सृष्टी विविध आहे. बायबलमधील ईयोबाच्या ग्रंथात परमेश्वर त्या दुःखी माणसाला उत्तर देताना माणसाविषयी जवळजवळ बोलतच नाही; माणूस जेथे पोचत नाही अशा रानांविषयी, त्यावर पडणाऱ्या पावसाविषयी, माणसाच्या कसल्याही कामाला न येणाऱ्या श्वापदांविषयी बोलतो. आणि २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी 'लाउदातो सी' या परिपत्रकात स्पष्टच सांगितले की इतर जीव म्हणजे केवळ आपल्या वापराची साधने नव्हेत. देवाच्या दृष्टीने त्यांना स्वतःचे मोल आहे. या दृष्टीने पाहिले तर ट्रिगोनोटार्बिडांचे काम होते ते ट्रिगोनोटार्बिडा असणे. ते त्यांनी तेरा कोटी वर्षे केले.

हे मी माझ्या एका तरुण नातलगाला ऐकवले तेव्हा तो म्हणाला, "काका, हे फार सोपं झालं. देवानं पाहिलं म्हणता, आवडीनं घडवलं म्हणता. मग सगळा गणच्या गण पुसू कसा दिला? अशा प्रेमाचा उपयोग काय?" मी त्याला लगेच उत्तर देऊ शकलो नाही, आणि आजही पूर्ण उत्तर दिल्याचा आव आणत नाही. एवढे मात्र मला दिसते. येशूने चिमण्यांविषयी जे सांगितले त्यात चिमणी पडत नाही असे आश्वासन नाही. ती पडते. पित्याच्या नजरेबाहेर पडत नाही, एवढेच. आपण शेवटाला अपयश समजतो म्हणून आपल्याला हे अपुरे वाटते. जे संपले ते फसले, हा हिशोब आपला आहे. वाद्य थांबले म्हणजे राग चुकला असे कोणी म्हणत नाही. तरीही त्या पोराचा प्रश्न माझ्या मनातून गेलेला नाही, आणि जाऊ नये असेही वाटते. कारण उत्तर फार गुळगुळीत झाले की ते दुसऱ्याच्या दुःखावर ठेवायला आपण मोकळे होतो.

त्याचा दुसरा प्रश्न अधिक टोकदार होता. गणच्या गण नैसर्गिक रीतीने नाहीसे होतात आणि देवाचे त्यावाचून अडत नाही, तर मग एखादा पक्षी संपला म्हणून आपण कशाला हळहळायचे? प्रश्न आपल्या जिल्ह्यापुरता अमूर्त नाही. सोलापूरच्या उत्तरेला नान्नजचे माळरान आहे. माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झाले ते याच भागात. आज तेथे माळढोक दिसणे ही वर्तमानपत्रात छापण्याजोगी बातमी झाली आहे. साऱ्या देशातच या पक्ष्यांची संख्या दीडशेच्या आसपास उरली आहे असे मानतात. माळाची शेते झाली, उसाचे फड आले, विजेच्या तारा आल्या. जमिनीवर चालणारा, जड अंगाचा, समोरची तार वेळेवर न दिसणारा तो पक्षी.

मी त्याला म्हटले की प्रत्येक माणूस मरणारच आहे, म्हणून खून क्षम्य ठरत नाही. मृत्यू सृष्टीच्या क्रमात आहे. घात आपल्या हातात आहे. ट्रिगोनोटार्बिडा गेले तेव्हा पृथ्वीवर असा कोणी नव्हता की ज्याला "तुझा भाऊ कोठे आहे" असे विचारता येईल. माळढोक जातो आहे तेव्हा असा कोणीतरी आहे. मात्र हे बोलताना शहरात बसून बोटे दाखवण्याचा मोह टाळला पाहिजे. ते अभयारण्य आरंभी सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरचे होते. पुढे ते बरेच कमी करण्यात आले. मधल्या वर्षांत त्यात सापडलेल्या शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीचे व्यवहार करताना काय सोसावे लागले, हे त्या भागात कोणीही सांगेल. कोरडवाहू दोन एकरांच्या मालकाला आपण सांगणार की पक्ष्याला स्वतःचे मोल आहे. बरोबर आहे, पण मग त्या मोलाची किंमत त्या दोन एकरांनीच का चुकवावी? साखर आणि वीज आपणही वापरतो. न्याय नसलेली करुणा कोणाच्या तरी पाठीवर बसून प्रवास करते, आणि ती पाठ बहुधा गरिबाची असते.

महिनाभराने मी पुन्हा कुंभारीला गेलो. मृगाचे किडे तोवर मातीत परत गेले होते. मी ऱ्हायनीच्या प्राण्याचे एक चित्र मोठे करून छापून नेले होते. मुलीने ते जमिनीवर पसरले आणि मी तिला त्याची हकिकत सांगितली. विचारायचे होते तेच तिने विचारले. मी म्हणालो, "काम काही नव्हतं. तो होता." ती थोडी गोंधळली. आजी सरकत जवळ आली आणि चित्रावर वाकली.

"जाळं विणत नव्हता म्हणता?"

"नाही, आज्जी. त्याच्यापाशी सूतच नव्हतं."

"मग खात काय होता?"

"हिंडायचा, शोधायचा, मिळेल ते खायचा."

"किती वर्षं म्हणालात?"

"तेरा कोटी."

ती काही बोलली नाही. मुलीने पेन्सिल घेऊन वहीत चित्र उतरवायला सुरुवात केली आणि घाईत एका बाजूला पाच पाय काढले. मी चूक दाखवणार एवढ्यात आजीने तिचा हात धरला. चाळीस वर्षे विड्या मोजलेले वाकडे बोट चित्रातल्या एकेका पायावर ठेवत ती मोजू लागली, "ओकटि, रेंडु, मूडु..." मुलीने खोडरबराने जास्तीचा पाय पुसला. आजीने पुन्हा पहिल्यापासून मोजले.